पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय, जाग आल्यानंतर नेमकं काय काय होतं ते कुणी सांगेल का?

घाबरट_४१:
नमस्कार मंडळी. वय ४१, आयुष्यात आजवर साधा टाकासुद्धा पडलेला नाही आणि आता थेट पित्ताशय काढायचं ठरलंय. दोनदा रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की जमिनीवर लोळत होतो, सोनोग्राफीत खडे दिसले, सर्जन म्हणाले दुर्बिणीतून काढून टाकू, छोटं ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी घरी. १२ दिवसांनी तारीख आहे. सर्जन चांगले आहेत, कागदावर चित्र काढून समजावलं वगैरे, पण सगळं ऑपरेशनचंच, भोकं किती आणि पिशवी कुठून बाहेर येणार. अहो ते तर मी झोपेत असताना होणार, त्यात माझं काय काम. मला हवंय पुढचं. शुद्धीवर येताना कसं वाटतं, किती दुखतं, बाथरूमला आपलं आपण कधी जाता येतं, घरी सोबत किती दिवस लागते, ऑफिस कधी. आणि भूल म्हटलं की माझी झोपच उडते, मध्येच जाग आली तर?? हसू नका. नेटवर वाचत बसलो तर एक म्हणतो तिसऱ्या दिवशी जिने चढलो, दुसरा म्हणतो दोन महिने पाठ टेकून होतो. यातलं खरं काय धरायचं?

दोन_हर्नियावाला:
दोन्ही खरं आहे दादा, माझ्या एकट्याच्याच अंगावर दोन्ही झालंय. पहिला हर्निया चिरा देऊन, कमरेतून भूल देऊन, दुसऱ्या बाजूचा चार वर्षांनी दुर्बिणीतून आणि पूर्ण भूल. जाग येण्याबद्दल सांगतो. झोपेतून उठल्यासारखं नसतंच ते. कुणीतरी नावाने हाक मारतंय, डोळे उघडा म्हणतंय, आणि तुम्हाला वाटतं अजून सुरूच कुठे झालंय. मी तर विचारलं होतं, कधी करणार? सिस्टर म्हणाली झालं काका. नंतर दात वाजेपर्यंत हुडहुडी भरली, मला वाटलं संपलो आपण, पण भुलीनंतर असं होतं म्हणे, गरम पांघरूण घातलं आणि दहा मिनिटांत थांबली. घसा दोन दिवस खरखरत होता कारण श्वासासाठी घशातून नळी घातलेली असते, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, मी उगाच सर्दी झाली म्हणून काळजी करत बसलो.

सगळ्यात अनपेक्षित गोष्ट म्हणजे खांदा. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय उजवा खांदा! दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, थोडा आत राहतो, तो श्वासाच्या पडद्याला टोचतो आणि त्या पडद्याची नस मानेतून येते म्हणून मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. दोन तीन दिवसांत आपोआप जातो. चालत राहिलं की बरं वाटतं, निदान मला वाटायचं.

आणि लघवी. हसायचं तर आता हसा. पहिल्या ऑपरेशननंतर सहा तास होईना. पोट तट्ट, जोर लावून काही उपयोग नाही, शेवटी एकदा नळी घालून काढली तेव्हा जो काही आराम मिळाला तो अजून आठवतो. हर्नियात आणि कमरेच्या भुलीत हे बऱ्याच जणांचं होतं, लाजून गप्प बसू नका, लगेच सांगा.

सल्लेबहाद्दर:
माझा साधा सल्ला. १५ दिवस बेडवरून उठू नका, टाके तुटतात. आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही. पेनकिलर शक्यतो घेऊच नका, सवय लागते आणि जखम उशिरा भरते. पोटाला घट्ट पट्टा बांधा. आमच्या ओळखीत सगळ्यांनी असंच केलं आणि सगळे ठणठणीत आहेत.

निवृत्त_सिस्टर:
सल्लेबहाद्दर, रागावू नका पण तुमच्या चार वाक्यांतली साडेतीन पुसायला हवीत. मी ३१ वर्षं सर्जरीच्या वॉर्डात काढली, त्यातली निम्मी तरी लोकांना बेडवरून उठवण्यात गेली असतील. जुन्या काळी झोपवून ठेवायचे हे खरं. पण झोपून राहिलेल्या माणसाच्या पोटरीत रक्ताची गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. छातीचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ साठतो, ताप येतो. आतडी आळसावतात, गॅस सुटत नाही, पोट फुगतं. म्हणून पित्ताशयाच्या पेशंटला आम्ही त्याच दिवशी संध्याकाळी उभं करायचो. पहिल्यांदा उठताना मात्र कुणीतरी धरायला हवंच, चक्कर येते, मी चांगले सहा फुटी माणसं बाथरूमच्या दारात खाली बसलेली पाहिलीत.

आता उठायचं कसं, कारण सगळे इथेच चुकतात. पोटावर जोर देऊन सरळ उठून बसायचं नाही. आधी गुडघे वाकवायचे, अख्खं अंग एकदम कुशीवर, मग पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपराने रेटून वर यायचं. आडवं होताना याच्या उलट. घरी दोन दिवस आधीच करून बघा, ऑपरेशननंतर शिकायला गेलात तर शिव्या सुचतील. खोकला शिंक आली तर उशी पोटाशी घट्ट धरायची. ही उशी विसरू नका, बाकी बॅगेत काही नसलं तरी चालेल. तीन चेंडूंचं ते फुंकणीसारखं यंत्र दिलं तर त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, निम्मे पेशंट फुंकतात आणि म्हणतात चेंडू हलतच नाहीत.

पेनकिलरचं ऐका. दुखत असलं की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही, म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या भानगडी. पहिले तीन चार दिवस गोळी घड्याळ बघून घ्यायची, असह्य झाल्यावर नाही, कारण चढलेली कळ उतरवायला जास्त औषध लागतं. चार दिवसांच्या गोळ्यांनी सवय लागत नाही. हां, दोन गोष्टी बघा. एक, पॅरासिटामॉल बऱ्याच मिक्स गोळ्यांत लपलेलं असतं, तापाची वेगळी आणि दुखण्याची वेगळी म्हणून दोन्ही घेतलीत तर डोस दुप्पट होतो, तेव्हा पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. दोन, ट्रॅमाडॉलसारखी तेज गोळी असेल तर पोट साफ होत नाही, मळमळतं. तिसऱ्या चौथ्या दिवशी कुंथायची वेळ येऊ नये म्हणून पोट साफ व्हायचं औषध आधीच विचारून ठेवा. लोक जखमेची चौकशी करतात, पण खरं रडवते ती बद्धकोष्ठता.

पट्टा काही सर्जन मोठ्या चिऱ्याला देतात, पण दुर्बिणीच्या भोकांना सहसा लागत नाही, आपल्या मनाने आवळू नका.

भूलवाला_डॉक्टर:
सिस्टरांनी माझं बरंच काम केलं. मी भूलतज्ज्ञ, तेव्हा उरलेलं साडेतीनातलं अर्ध मी पुसतो. साधारण नियम असा की घन पदार्थ ६ तास आधी बंद, आणि साधं पाणी बहुतेकांना २ तास आधीपर्यंत चालतं. रात्रभर पाणीसुद्धा बंद ठेवून माणूस सुकतो, डोकं दुखतं, शीर सापडत नाही आणि फायदा काही नाही. मात्र तुमची वेळ तुमचेच डॉक्टर सांगतील, ती पाळा, कारण डायबेटिस असेल, पोट सावकाश रिकामं होत असेल किंवा वजन कमी करायची इंजेक्शनं चालू असतील तर हिशोब बदलतो. उपाशी का ठेवतो तर भुलीत गिळण्या खोकण्याची जाण जाते, पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात जाऊ शकतं. त्यामुळे चुकून काही खाल्लं असेल तर लपवू नका हो, तारीख पुढे जाईल इतकंच. लपवलं तर मात्र आमची आणि तुमची दोघांची परीक्षा.

मध्येच जाग येण्याचा प्रश्न हसण्यासारखा अजिबात नाही, रोज कुणीतरी विचारतं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये यावर मोठी पाहणी झाली, २०१४ मध्ये अहवाल आला, त्यात पूर्ण भुलीच्या साधारण १९,००० केसेसमागे एका पेशंटने जाग आल्याचं सांगितलं असं निघालं, आणि त्यातले बहुतेक प्रसंग भूल चढताना किंवा उतरवताना घडलेले होते, ऐन ऑपरेशनच्या मध्ये कमी. आम्ही इंजेक्शन देऊन चहा प्यायला जात नाही. नाडी, बीपी, ऑक्सिजन, सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, भुलीच्या गॅसचं प्रमाण, हे सगळं शेवटपर्यंत समोर असतं.

माझी एकच विनवणी, आदल्या भेटीत खरं सांगा. सिगारेट, तंबाखू, दारू किती, घोरताना श्वास अडकतो का, कुठला दात हलतोय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कुठली काढे चूर्णं घेता का, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का. शुगरच्या काही गोळ्या ऑपरेशनच्या तीन चार दिवस आधी थांबवाव्या लागतात, काही त्याच दिवशी, काही अजिबात नाही, म्हणून आपल्या मनाने काहीच बंद किंवा चालू करू नका. बीपीची गोळी टाळू का हासुद्धा प्रश्नच आहे, विचारा. सिगारेट मात्र आजच बंद, खरा फायदा चार आठवड्यांनी दिसतो, पण १२ दिवस काही शून्य नाहीत.

ऑपरेशन थिएटरमध्ये तुम्हाला दोनतीनदा नाव, कुठलं ऑपरेशन, कुठली बाजू विचारतील. वैतागू नका, यांना काही माहीतच नाही की काय असं वाटतं लोकांना. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ कलमांची यादी काढली, भुलीआधी, चिऱ्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी असं तीनदा थांबून सगळं मोठ्याने तपासायचं. आठ हॉस्पिटलांतल्या पहिल्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ वर आलं होतं. नुसतं मोठ्याने विचारण्याने!

घाबरट_४१:
बापरे, एवढं तर मला कुणी सांगितलंच नव्हतं, सगळ्यांचे आभार. उशी बॅगेत टाकली, कुशीवरून उठायची प्रॅक्टिस केली तर बायको म्हणते आत्ताच आजारी पडलात की काय. एक विचारू का, पिशवीच काढली तर मग पचनाचं काय? आणि "गरज पडली तर ओपन करू" असं कन्सेंट फॉर्मवर आहे, ते किती सिरियसली घ्यायचं? सही केली पण तेव्हापासून तेच डोक्यात.

भोकाऐवजी_चिरा:
हे माझ्या बाबतीत झालंय म्हणून लिहितो, घाबरवायला नाही. मी दुखणं वर्षभर अंगावर काढलं, शेवटी पिशवी सुजून लिव्हरला चिकटली, सर्जनना पित्तनळी नीट दिसेना म्हणून त्यांनी दुर्बीण बाजूला ठेवून बरगडीखाली चिरा घेतला. शुद्धीवर आल्यावर पोटाला हात लावला आणि एवढं मोठं ड्रेसिंग बघून मी त्यांच्यावर चिडलो होतो. नंतर कळलं की दिसत नसताना हट्टाने दुर्बिणीतूनच करत राहणं जास्त वाईट, चुकून पित्तनळी कापली गेली तर आयुष्याचं दुखणं. तेव्हा ओपन केलं म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही. पण हिशोब बदलतो हे खरं. एका रात्रीऐवजी पाच दिवस, बाजूला ड्रेनची (आत साचलेलं बाहेर काढायची) नळी, कामावर जायला सहा आठवडे पूर्ण लागले.

आणि एक गोष्ट जी कुणी बोलत नाही. दहाव्या दिवशी टाके काढले, जखम बाहेरून मस्त, सगळे म्हणाले झालास बरा. आणि मला आंघोळ करून आलं तरी झोपावंसं वाटायचं. उगाच रडू यायचं, मी पुरुषमाणूस, टीव्हीवरची जाहिरात बघून डोळे भरून आले एकदा. वाटलं काहीतरी बिघडलंय. सर्जनना विचारलं तर म्हणाले शरीर आत बांधकाम करतंय, वीज सगळी तिकडे चाललीय. तीन आठवड्यांनी जखमेला मूळ कातडीच्या जेमतेम पाव ताकद असते, तीन महिन्यांनी साधारण ८० टक्के, पूर्ण १०० तर कधीच येत नाही. बाहेरचा टाका निघाला म्हणून आतलं काम संपत नाही. हे आधी कळलं असतं तर तिसऱ्या आठवड्यात जड बॅग उचलून परत दुखणं ओढवून घेतलं नसतं.

एक दिवस बरा, दुसरा वाईट, असंच चालतं, आलेख सरळ वर जात नाही. मी शेवटी रोजची तुलना सोडली आणि मागच्या रविवारशी करायला लागलो, तेव्हा कुठे सुधारणा दिसली.

निवृत्त_सिस्टर:
छान लिहिलंत, हे रडू येणं फार जणांचं होतं. काही आठवड्यांनी पण तसंच राहिलं, झोप जेवण उडालं तर डॉक्टरांना सांगायचं, पण पहिले दिवस स्वतःला माफ करा.

पचनाचं असं की पित्त तयार करतं लिव्हर, पिशवी फक्त साठवते. ती गेली की पित्त थेंब थेंब सरळ आतड्यात येत राहतं. बहुतेकांना काही फरक कळत नाही, काहींना थोडे दिवस जुलाबासारखं होतं, विशेषतः तेलकट खाल्ल्यावर, मग पुढे जमतं. म्हणून सुरुवातीला थोडं थोडं आणि हलकं.

आता घाबरायचं कधी ते सांगते, कारण सगळं नॉर्मल आहे म्हणून घरी बसून राहिलेलेही मी पाहिलेत. पहिल्या दिवशीचा बारीक ताप बऱ्याचदा शरीराची प्रतिक्रिया असते. पण ३८ च्या वर, म्हणजे १००.४ फॅरेनहाइटच्या वर ताप, तोही तिसऱ्या चौथ्या दिवसानंतर चढला तर फोन करा. जखम दिवसेंदिवस जास्त लाल, गरम, पू किंवा वास. पोटदुखी कमी होत होत अचानक वाढली. उलट्या थांबत नाहीत. डोळे पिवळे, लघवी गडद, हे पित्ताशयवाल्यांनी तर पाठच करा. एका पोटरीत सूज आणि दुखणं. दम लागणं किंवा छातीत दुखणं असेल तर फोन नाही, थेट इमर्जन्सी. मूळ नियम एवढाच की दुखणं रोज थोडं उतरायला हवं, उलटं चढायला लागलं तर रात्र काढायची नाही. डिस्चार्जच्या वेळी रात्रीचा नंबर मागून घ्या, दुपारी दोनला सगळे शूर असतात.

बेंबीतल्या भोकातून पहिले दोन दिवस जरा ओलसर येतं, आजूबाजूला निळसर पडतं, तेवढ्याने घाबरू नका. आणि ऑपरेशनच्या जागचे केस घरी ब्लेडने काढू नका, कातडीला बारीक जखमा होऊन इन्फेक्शन वाढतं, लागलंच तर तिथे मशीनने काढतील.

सल्लेबहाद्दर:
बरं बाबा, माघार. पण गाडी तरी १५ दिवस चालवू नका हे बरोबर ना?

भूलवाला_डॉक्टर:
हे मात्र जवळपास बरोबर :) पूर्ण भुलीनंतर पहिले २४ तास गाडी नाही, महत्त्वाच्या सह्या नाहीत, आणि घरी कुणीतरी मोठं माणूस सोबत हवंच. त्यापुढे दिवस मोजण्यापेक्षा बंद गाडीत बसून ब्रेकवर एकदम जोरात पाय मारून बघा, पोटात कळ आली तर अजून वेळ आहे. आणि झोप आणणारी पेनकिलर चालू असेपर्यंत नाहीच.

घाबरट_४१:
आलो हो परत! आज नववा दिवस. दुर्बिणीतूनच झालं, चार भोकं. उलटे आकडे मोजा असं काही म्हणाले नाहीत, नुसतं मास्क लावून खोल श्वास घ्या म्हणाले, मी डॉक्टरांना काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि पुढचं वाक्य रिकव्हरीत पूर्ण केलं म्हणे. जाग वगैरे कसली. हुडहुडी भरली पण माहीत होतं म्हणून गंमत वाटली. खांद्याने मात्र दोन रात्री छळलं, भोकांपेक्षा तोच जास्त दुखला. संध्याकाळी चाललो, चक्कर आली, सिस्टरने धरलं. चौथ्या दिवशी मला वाटलं आपण एकदम फिट, खाली दुकानापर्यंत गेलो आणि येताना जिन्यातच बसलो, पाचवा दिवस अख्खा झोपून काढला. आता मागच्या रविवारशी तुलना करतोय. घरून थोडं काम सुरू केलंय, दुपारी तीननंतर मेंदू बंद होतो. उशीला घरात "शिंकेची उशी" नाव पडलंय.

एकच वाद चालू आहे. हॉस्पिटलने खडे छोट्या डबीत घालून दिलेत, मी ते शोकेसमध्ये ठेवले आणि बायको म्हणते एक तर ते खडे राहतील नाहीतर मी.

निवृत्त_सिस्टर:
खडे टाकून द्या, बायको ठेवा. पण पित्ताशय तपासणीला पाठवलं असेल, त्याचा बायोप्सीचा रिपोर्ट टाके दाखवायला जाल तेव्हा मागून वाचून घ्या. निम्मे पेशंट खडे घरी नेतात आणि रिपोर्ट काउंटरवर पडून राहतो.

घाबरट_४१:
रिपोर्टचं कुणी बोललंच नव्हतं! परवा जायचंय, विचारतो.